भंगारात जाण्याआधी रायफलीवरचा मजकूर उतरवून घ्या

मा. संपादक,

स. न. वि. वि.

‘जुन्या वाड्यात ब्रिटिशकालीन बंदूक सापडली’ ही बातमी आपल्या जिल्ह्यात अधूनमधून छापून येते. फोटोत दोन पोलीस बंदूक आडवी धरून उभे, खाली चार ओळी, संपले. पुढे ती बंदूक मुद्देमालाच्या खोलीत पडून राहते आणि कधीतरी नष्ट करायच्या यादीत चढते. ‘ब्रिटिशकालीन’ म्हणजे नेमकी कधीची? कंपनी सरकारच्या शिपायाची चकमकीची (गारेच्या ठिणगीने उडणारी) बंदूकही ब्रिटिशकालीन आणि १९४५ साली इटलीत लढलेल्या मराठा पलटणीची रायफलही ब्रिटिशकालीन. लष्करी बंदुकीवर कारखाना, साल, नमुना, दुरुस्ती, कधीकधी पलटणसुद्धा ठशांनी उमटवलेली असते. तो मजकूर कुणी उतरवून घेत नाही आणि लोखंडाबरोबर तोही भट्टीत जातो. हे थांबावे म्हणून हे पत्र. कुठे काय वाचायचे आणि घरात अशी बंदूक निघाली तर काय करायचे, काय टाळायचे, तेही सविस्तर लिहीत आहोत.

सर्वांत आधी सुरक्षितता. ठासणीच्या बंदुकीत जुना बार भरलेला असू शकतो. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनीही पेटते. तपासायचे ते असे: नळीचे तोंड माणसांपासून दूर, भिंतीकडे धरावे. स्वतः नळीच्या समोर येऊ नये. बाजूने एक लाकडी काठी हलकेच आत सोडावी. ती जिथे टेकेल तिथे, नळीच्या तोंडाशी, काठीवर पेन्सिलीने खूण करावी. मग काठी बाहेर काढून नळीच्या वरून तेवढीच ठेवून पाहावी. काठीचे टोक कानाच्या (बार पेटवायच्या) भोकापर्यंत किंवा केप, म्हणजे घोड्याच्या आघाताने पेटणारी टोपी, बसवायच्या निपलपर्यंत पोचले तर नळी रिकामी. दोन-चार बोटे अलीकडेच थांबले तर आत बार आहे असे समजून बंदूक तिथेच ठेवावी आणि पोलिसांना कळवावे. गज घालून उकरू नये, उन्हात वाळत टाकू नये. भंगारवाल्याकडे तर मुळीच देऊ नये, कारण तो पहिल्यांदा गॅस कटरच लावतो. बोल्टच्या रायफलीचे काम सोपे आहे: मॅगझिन काढावे, बोल्ट मागे ओढावा, बॅटरीच्या उजेडात चेंबर (काडतूस बसायची जागा) पाहावा आणि करंगळी घालून खात्री करावी. जिवंत काडतूस निघाले तर तेही पोलिसांच्या हवाली करावे. त्याच्या बुडावर ‘के’ आणि ‘एफ’च्या मध्ये बाण असेल, तर ते आपल्या शेजारच्याच, पुण्याच्या खडकी कारखान्यातले आहे एवढी नोंद मात्र ठेवावी.

दुसरी गोष्ट कायद्याची. ‘जुनी आहे, चालत नाही, मग परवाना कशाला?’ हा समज घरोघरी आहे आणि तो धोक्याचा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात जुन्या नमुन्याच्या, पुरातन मूल्याच्या किंवा मोडक्या हत्यारांना सूट आहे. पण अट अशी की ते हत्यार दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही असे हवे. नुसता बोल्ट हरवला किंवा घोडा तुटला म्हणजे ही अट पुरी होत नाही. दुसरा बोल्ट बसवला की रायफल चालू. त्यात .३०३ हा लष्करी बोअर (नळीचा आतला व्यास, इंचांत), म्हणजे प्रतिबंधित वर्गातला. शिकारीसाठी .३१५ बोअरच्या रायफली भारतात निघाल्या त्याचे कारणच हे. २०२० च्या दुरुस्ती नियमांनी ‘क्युरिओ’ (जुनी, संग्रहाची वस्तू) वर्गातली छोटी शस्त्रे परवान्याशिवाय बाळगायला मुभा दिली; मात्र ती वापरायला, बरोबर न्यायला किंवा वाहतूक करायला परवाना लागतोच. आपली वस्तू कोणत्या वर्गात बसते हे स्वतः ठरवू नये. शहरात पोलीस आयुक्तालयाच्या आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवाना शाखेकडे लेखी अर्ज करावा आणि उत्तरही लेखीच घ्यावे. परवानाधारक वारल्यावर वारसांनी हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसपरवान्याचा अर्ज करायचा असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, हेही अनेक घरांत ठाऊक नसते. आणि कृपा करून अशी बंदूक पोत्यात गुंडाळून मोटारसायकलवरून ठाण्यात नेऊ नका. आधी कळवा, न्यायला पोलिसांना येऊ द्या. शंभर वर्षांवरच्या ऐतिहासिक वस्तूला १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागू होतो. ती खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. १९१७ सालची रायफल आज त्या वयाची झालेली आहे.

आता मुख्य विषय, वाचनाचा. आपल्याकडे सर्वाधिक आढळणारी लष्करी रायफल म्हणजे शॉर्ट मॅगझिन ली-एनफील्ड, लोकांच्या तोंडी ‘थ्री नॉट थ्री’. बोल्टच्या मुठीखाली, दस्ता जिथे लोखंडाला जुळतो तिथे, उजव्या बाजूला पोलादी मान असते. तिच्यावर वरून खाली असे ठसे सापडतात: राजमुकुट, त्याखाली ‘जी. आर.’, त्याखाली ‘एनफील्ड’, मग ‘१९१७’, मग ‘एसएचटी. एल. ई.’ आणि शेवटी रोमन तीन व त्यापुढे एक चांदणी. जी. आर. म्हणजे पाचवा जॉर्ज. एनफील्ड हा इंग्लंडमधला सरकारी कारखाना. ‘एसएचटी. एल. ई.’ म्हणजे शॉर्ट ली-एनफील्ड. रोमन तीन हा १९०७ चा नमुना आणि चांदणी म्हणजे १९१६ मध्ये मान्य झालेली त्याची युद्धकालीन सोपी आवृत्ती. त्या आवृत्तीत लांब पल्ल्याच्या सामुदायिक गोळीबारासाठी डाव्या बाजूला असलेली तबकडी गेली, मॅगझिन बंद करायची उजवीकडची पट्टी गेली आणि दस्त्यातली पितळी चकतीही गेली. खंदकांच्या लढाईत हजार-दोन हजार यार्डांवर नेम धरायची वेळच येत नव्हती, आणि प्रत्येक कमी केलेल्या भागामागे कारखान्याचे तास वाचत होते. पट्टी गेली तरी तिची खाच काही रायफलींत तशीच राहिली आहे. तेव्हा खाच दिसली म्हणून चांदणी खोटी ठरवू नये.

एनफील्डऐवजी ‘बी. एस. ए. कं.’ असेल तर बर्मिंगहॅम, ‘लिथगो’ असेल तर ऑस्ट्रेलिया आणि ‘ईशापूर’ असेल तर बंगालमधला आपला कारखाना. ईशापूरच्या रायफलीवर बहुधा ‘जी. आर. आय.’ असते, शेवटचा ‘आय’ म्हणजे इम्परेटर, हिंदुस्थानचा बादशहा. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला, अशोकस्तंभाचे सिंह आले आणि ‘आर. एफ. आय.’ (रायफल फॅक्टरी ईशापूर) ही अक्षरे आली. साठच्या दशकात ईशापूरने त्याच बांध्यावर ७.६२ मि.मी. बोअरची ‘टू-ए’ आणि पुढे ‘टू-ए-वन’ रायफल काढली. ती चटकन ओळखायची तर मॅगझिन पाहा, दहाऐवजी बारा गोळ्यांचे आणि चौकोनी. तिला ‘पहिल्या महायुद्धातली’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. नुसती आकृती पाहिली की अशी फसगत होते.

यानंतर नंबर. रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी बांध्यावर), नळीवर, बोल्टच्या मुठीच्या बुंध्याशी, मागच्या साइटच्या पट्टीखाली, तोंडाजवळच्या लोखंडी टोपणावर आणि पुढच्या लाकडाच्या पोटाशी एकच नंबर असावा अशी पद्धत होती. सगळीकडे तोच नंबर मिळणे दुर्मिळ. वेगळे निघाले म्हणून रायफल खोटी नसते. डेपोत दहा रायफली उघडून चांगल्या भागांच्या सहा जोडल्या जात. जुन्या नंबरावर आडवी रेघ मारून शेजारी नवा ठोकलेला दिसला तर ते अशाच दुरुस्तीचे चिन्ह. नळीवर दोन आकडी साल वेगळे असते. मानेवर १९१६ आणि नळीवर ४२ असेल तर दुसऱ्या महायुद्धात नळी बदललेली आहे. बोल्टचा नंबर मात्र कसोशीने पाहावा. या रायफलीत बोल्ट हाताने घासून त्या त्या बांध्याला बसवलेला असे. परका बोल्ट असेल तर बोल्टचे तोंड आणि काडतुसाची कड जिथे टेकते ते नळीचे मागचे तोंड यांतले अंतर मापाबाहेर जाऊ शकते. .३०३ मध्ये ते ०.०६४ ते ०.०७४ इंचांच्या आत लागते. परवानाधारकानेही, आर्मररने (शस्त्र दुरुस्त करणाऱ्या कारागिराने) गेज लावून पाहिल्याशिवाय, अशा रायफलीतून गोळी झाडू नये.

नळीत उजेड टाकून पाहिले की आणखी एक गोष्ट कळते. एनफील्डच्या नळीत डावीकडे वळणाऱ्या पाच खाचा असतात. त्या मुळीच नसतील आणि नळी आतून गुळगुळीत असेल, तर ती .४१० बोअरची पोलिसी मस्केट असण्याचा संभव मोठा. जुन्या .३०३ रायफलींच्या नळ्या मोठ्या आणि गुळगुळीत करून, मॅगझिनमध्ये लाकडी ठोकळा बसवून, एकेक काडतूस भरायच्या या बंदुका पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी केल्या गेल्या. नळीवर तांब्याची तार गच्च गुंडाळून डाग दिलेला असेल तर ती ग्रेनेड फेकायची रायफल. ‘डी. पी.’ म्हणजे कवायतीची. तिची नळी किंवा बोल्ट मुद्दाम निकामी केलेले असतात.

त्याहून जुन्या बंदुकांत लॉकची, म्हणजे घोडा बसवलेल्या यंत्राची, पाटी वाचायची. चौभागी बदामात कंपनीची अक्षरे असतील तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची किंवा आधीची, उभा सिंह असेल तर १८०८ च्या सुमारानंतरची. केपवर चालणाऱ्या, .५७७ बोअरच्या तीन कड्यांच्या रायफलीला १८५३ चा नमुना म्हणतात. ज्यांच्या काडतुसांवरून १८५७ चे वादळ उठले त्या याच. उठावानंतर देशी पलटणींना मुद्दाम बिनखाचांची, .६५६ बोअरची गुळगुळीत नळी दिली गेली. बाहेरून जवळजवळ तशीच, आतून मात्र जाणूनबुजून कमी केलेली. अशी एखादी बंदूक हाती आली तर ती शेलाट्या १८५३ पेक्षा इतिहासाला अधिक मोलाची आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. राज्यकर्त्यांचा अविश्वास तिच्या नळीत बोट घालून तपासता येतो.

नकलाही येतात. वायव्य सरहद्दीवर, आज पाकिस्तानात असलेल्या दर्रा आदमखेल गावाच्या बाजूला, हाताने घडवलेल्या रायफलींवर ठसे पाहून कोरलेले असतात आणि कोरणाऱ्याला अक्षरे येत नसत. उलटा ‘एन’, गळलेले अक्षर, वाकडी ओळ ही पहिली खूण. दुसरी अधिक पक्की: मुकुटाखाली ‘व्ही. आर.’ म्हणजे व्हिक्टोरिया, आणि खाली साल १९०८. राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली. शॉर्ट ली-एनफील्ड मान्यच झाली १९०२ च्या डिसेंबरात. तेव्हा त्या रायफलीवर व्ही. आर. खरे असूच शकत नाही.

ठसे उतरवताना घासायचे नाही. बॅटरी अगदी आडवी धरावी म्हणजे पुसट ठशांची सावली पडते. खडूची वस्त्रगाळ पूड बोटाने हलकी चोळून वरची पुसावी, ठसा पांढरा उठतो. बटर पेपर ठेवून मऊ पेन्सिलीने छाप घ्यावी. फोटोत सेंटिमीटरची पट्टी असावी आणि प्रत्येक फोटोमागे कुठल्या भागाचा हे लिहावे.

एवढ्यावर रायफल कोणत्या युद्धात होती हे लगेच ठरत नाही. इथे फार घाई होते. लष्करी रायफल सरकारची असते; सैनिक निवृत्त होताना ती कोतात (पलटणीच्या शस्त्रागारात) जमा करून घरी येतो. सैनिकाला आपली रायफल बट नंबरावरून (दस्त्यावरच्या क्रमांकावरून) ठाऊक असते आणि तो बट नंबर कोताच्या रजिस्टरात असतो, घरच्या कागदात नसतो. म्हणून ‘पणजोबांनी युद्धात वापरलेली’ असे सांगितले जाते तेव्हा एकेक गोष्ट तपासावी. समजा पहिल्या महायुद्धातल्या, मेसोपोटेमियातील (आजच्या इराकमधील) कुतच्या वेढ्यातली म्हणून रायफल दाखवली. त्या वेढ्यात सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या, हे खरे. पण २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि सगळे कैदी झाले. कैदी रायफल घेऊन घरी येत नाही, आणि मानेवर १९१७ असेल तर प्रश्नच मिटला. फ्रान्सला १९१४ साली गेलेल्या हिंदी फौजेला मार्सेला उतरल्यावर नव्या रायफली देण्यात आल्या, तेव्हा हिंदुस्थानातून नेलेली रायफल फ्लांडर्सच्या खंदकात होती असेही गृहीत धरता येत नाही. सोलापुरात १९३० च्या मार्शल लॉमधली म्हणून सांगितल्या जाणाऱ्या बंदुकीलाही हीच चाळणी लावावी. साल नंतरचे असेल तर दावा गेला. आधीचे असेल तर फक्त शक्यता उरते. फौज परत जाताना आपली हत्यारे घेऊन गेली होती. चार हुतात्म्यांच्या गावात तरी अशा बाबतीत ढिलाई नको.

१९१६ पूर्वीच्या रायफलीत दस्त्याच्या उजव्या अंगाला रुपयाएवढी पितळी चकती असेल तर मात्र नशीब. तिच्यावर पलटणीची आद्याक्षरे, रायफलीचा क्रमांक आणि कधीकधी महिना-साल असते. तिथून कागदांकडे जाता येते. १९२२ मध्ये जुने क्रमांक बदलले हे लक्षात ठेवावे: १०३ ची झाली पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११७ ची पाचवी रॉयल. मग त्या पलटणीची युद्धडायरी पाहावी; लंडनमध्ये क्यू येथील ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘डब्ल्यू. ओ. ९५’ या मालिकेत त्या आहेत. दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार आणि बेळगावचे मराठा लाइट इन्फंट्री केंद्र हेही पत्ते. माणसाचा माग रायफलीपेक्षा पदकावरून लवकर लागतो: पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते. त्यातले ‘ब्रिटिश वॉर मेडल’ सैनिकाला चांदीचे, बिगारी व अनुयायांना काशाचे मिळे. कित्येक गावांत चावडीच्या भिंतीत ‘या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले’ अशी १९१४-१९१९ ची संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर चुन्याचा हात फिरण्याआधी फोटो काढावा.

जतनाबद्दल. सर्वांत जास्त नुकसान प्रेमानेच होते. खंडेनवमीला चिंचेने किंवा पावडरीने पितळी चकती लखलखीत केली की दर वर्षी ठसा थोडा थोडा जातो. मागे उरते ती कोरी टिकली. ओले गंध, हळदकुंकू लोखंडावर राहिले की त्या जागी गंजाचा ठिपका धरतो. पूजा जरूर करावी, गंध खाली अंथरलेल्या कापडाला लावावे. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, निकेल, काळा रंग, लाकडावर टचवूड, यांतले काहीही नको. गंजावर शिलाई यंत्राचे पातळ तेल लावून रात्रभर ठेवावे आणि अगदी बारीक, चार शून्यांच्या (०००० नंबरच्या) लोखंडी लोकरीने, ठसे सोडून, हलके फिरवावे. खोबरेल नको, ते साचून चिकट होते. लाकडाला जवसाचे कच्चे तेल, तेही तळहाताला चार थेंब घेऊन चोळायचे. जाड थर दिला तर आठवडाभर वाळत नाही आणि धूळ धरतो. तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नयेत, आपोआप पेटतात. आपल्याकडे सुताची चिंधी मुबलक आणि एप्रिल-मेचे ऊन हे असे, तेव्हा त्या उघड्या पसराव्यात किंवा पाण्यात बुडवाव्यात. कूलरचा झोत जिथे येतो तिथे बंदूक ठेवली तर एका रात्रीत तांबूस पापुद्रा येतो. चामड्याच्या म्यानात किंवा गादीच्या स्पंजातही ठेवू नये.

आणि दस्ता ढिला वाटला म्हणून तो पिळू नये. मे महिन्यात लाकूड आकसते, पावसाळ्यात पुन्हा भरते. शॉर्ट ली-एनफील्डमध्ये दस्त्याच्या आतल्या बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेले असते. पुढचे लाकूड न काढता मागून पाना घातला की ते लाकूड मागच्या बाजूने उभे चिरते. बाजारात चिरलेली इतकी लाकडे दिसतात त्याचे कारण बहुतेक वेळा एवढेच.

जिल्हा प्रशासनाला विनंती एकच आहे. जमा झालेली किंवा जप्त झालेली जुनी लष्करी बंदूक नष्ट करण्याच्या आदेशाला एक पानाची नोंद जोडणे बंधनकारक करावे: कारखाना, साल, नमुना, बोअर, प्रत्येक भागावरचा नंबर, पलटणीचे ठसे, दुरुस्तीच्या खुणा, कोणत्या गावातून आली, आणि सहा फोटो. प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयात राहावी. जी दुर्मिळ ठरेल ती रीतसर निकामी करून संग्रहालयाला द्यावी. अक्कलकोटच्या राजवाड्यातले शस्त्रागार पाहायला लोक लांबून येतात, म्हणजे पाहणाऱ्यांची वानवा नाही. पोलीस मुख्यालयातल्या आर्मररला हे ठसे वाचता येतात, विद्यापीठातले इतिहासाचे विद्यार्थी लिहून घेऊ शकतात. एका बंदुकीला अर्धा तास पुरतो.

आपले,
जुन्या लष्करी शस्त्रांचे काही अभ्यासक,
सोलापूर